२०० ओके, बाजार बंद : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी, ते आधी सांगून टाकतो. नाशिकच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजातून तुम्ही नुकतेच बाहेर पडला आहात, सातपूर नाहीतर अंबडकडच्या एखाद्या छोट्या कंपनीत चिकटला आहात, आणि सोमवारी सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं आहे, की जिल्ह्यातल्या एका बाजार समितीचं कांद्याच्या भावाचं जुनं पान आहे, ते जरा मॉडर्न करून द्यायचंय, फार काही नाही, दोन दिवसांचं काम आहे. 'जरा', 'फार काही नाही' आणि 'दोन दिवस' हे एकाच वाक्यात आले की नवशिक्याने ओळखावं: स्क्रिप्ट आपल्याच वयाची आहे, आणि ती लिहिणारा आता पुण्यात तरी आहे किंवा सिएटलमध्ये तरी.

बाजार समिती कोणती ते विचारू नका. जिल्ह्यात लासलगाव आहे, पिंपळगाव बसवंत आहे, येवला, चांदवड, मनमाड, कळवण, सटाणा आहे. इथली स्क्रिप्ट कल्पनेतली आहे. तिच्यातला एकही दोष मात्र कल्पनेतला नाही.

साहित्य: एक पर्ल स्क्रिप्ट, सर्व्हरचा पासवर्ड (तो कोणाकडे आहे हे शोधणं हा स्वतंत्र मार्गदर्शिकेचा विषय), भरपूर चहा, आणि बाजार समितीतले एक भाऊसाहेब, ज्यांना सगळं माहीत असतं पण ज्यांना आजवर कोणी काही विचारलेलं नाही.

पायरी पहिली: फाइल उघडा, हसू नका

फाइल उघडताच वर 'बळीराजाचे हार्दिक स्वागत' असं सरकत जाणारं मार्की दिसेल. हसू नका. त्याखाली एकाच फाइलमध्ये फॉर्म, हिशेब, टेबल, रंग आणि कोणाच्या तरी मुलीच्या वाढदिवसाची तारीख (पासवर्ड म्हणून) सापडेल. तरीही हसू नका. तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून ही स्क्रिप्ट रोज भाव सांगते आहे. तुमची सर्वांत जुनी चालू गोष्ट कोणती, हा प्रश्न स्वतःला विचारा आणि पुढे चला.

ती बोलते कशी, ते समजून घ्या. या पद्धतीला सीजीआय म्हणतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेत १९९३ साली ती ठरली. मोझॅक ब्राउझरही तिथलाच, त्याच वर्षीचा. करार इतका साधा, की तो रीतसर लिहून काढायला आणखी ११ वर्षं लागली तरी कोणाचं अडलं नाही. आरएफसी ३८७५ हा दस्तऐवज आला ऑक्टोबर २००४मध्ये, तोवर अर्ध्या जगाची पानं त्यावर चाललेली होती.

करार असा: ब्राउझरकडून मागणी आली की सर्व्हर स्क्रिप्टला नव्याने चालू करतो. मागणीची माहिती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवतो, फॉर्ममधून पोस्ट झालेला मजकूर स्टँडर्ड इनपुटवर देतो, आणि गप्प बसून ऐकतो. स्क्रिप्टने जे काही प्रिंट केलं ते उत्तर. आधी हेडरच्या ओळी, मग एक कोरी ओळ, मग पान:

कंटेंट-टाइप: टेक्स्ट/एचटीएमएल

आजचे कांदा बाजारभाव...

मधली ती कोरी ओळ नीट पाहून ठेवा. तिच्यात एकही अक्षर नाही आणि सगळा करार तिच्यावर उभा आहे. ती गेली की हेडर कुठे संपले आणि पान कुठे सुरू झालं हे सर्व्हरला कळत नाही. तो वैतागून ५०० देतो, आणि जुना अपाचे असेल तर लॉगमध्ये 'प्रीमॅच्युअर एंड ऑफ स्क्रिप्ट हेडर्स' असं लिहून ठेवतो. आपल्याकडे कित्येकांनी इंग्रजीतला 'प्रीमॅच्युअर' हा शब्द पहिल्यांदा इथेच वाचला.

ही ओळ गायब होते कशी? ती बहुतेकदा गायब होतच नाही. कोणीतरी एका गावाचं नाव दुरुस्त करायला फाइल विंडोजच्या एखाद्या एडिटरमध्ये उघडून सेव्ह केलेली असते. असे काही एडिटर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य खूण टाकतात, आणि लिनक्स पहिली ओळ वाचून 'पर्ल' ऐवजी 'पर्ल अधिक अदृश्य खूण' नावाचा प्रोग्राम शोधत बसतो. तो असतो कुठे? जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ निवडलं असेल तर फाइलच्या अगदी सुरुवातीला आणखी तीन अदृश्य बाइट येऊन बसतात. गाव नीट लिहिलं जातं, पान मरतं. पहिल्या पायरीचं तात्पर्य इतकंच, की फाइलला हात लावण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा. नावात 'न्यू', 'फायनल' आणि 'फायनल-२' असलेल्या प्रती फोल्डरमध्ये आधीपासून आहेत, त्यांतली कोणती चालू आहे हे सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये पाहा, नावावर जाऊ नका.

पायरी दुसरी: तीन गोष्टी हातात द्या

नवा सर्व्हर ऐकत बसत नाही. त्याला उत्तर प्रिंट केलेलं नको, हातात दिलेलं हवं, आणि तेही तीन वेगळ्या गोष्टी करून: स्टेटस, हेडर, बॉडी. पायथनवाल्यांनी डब्ल्यूएसजीआय नावाने हा विचार २००३ साली मांडला, रुबीवाल्यांनी २००७मध्ये रॅक आणलं, आणि २००९ साली तात्सुहिको मियागावा या जपानी प्रोग्रामरने दोन्हींकडे पाहून पर्लसाठी पीएसजीआय केलं. आपली स्क्रिप्ट पर्लमधली, म्हणून आपल्याला हे तिसरं. त्यात उत्तर म्हणजे तीन खणांची एक यादी. पहिल्यात २०० हा नुसता आकडा. दुसऱ्यात हेडरची यादी: नाव, किंमत, नाव, किंमत. तिसऱ्यात मजकुराचे तुकडे.

हेडर हॅशमध्ये न ठेवता यादीत का, असा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. पडला नसेल तर उत्तर ऐका: सेट-कुकी हे हेडर एका उत्तरात दोनदा येऊ शकतं, आणि हॅशमध्ये दुसरं आलं की पहिलं पुसलं जातं. मुलाखतीत हा प्रश्न विचारत नाहीत, रात्री अकराला ग्राहक विचारतो.

आता मूळ काम. जुनी स्क्रिप्ट जे प्रिंट करते ते पडद्यावर जाऊ न देता एका व्हेरिएबलमध्ये पकडा. पहिल्या कोऱ्या ओळीवर त्याचे दोन तुकडे करा. 'पहिल्या' या शब्दाखाली रेघ मारा. प्रत्येक कोऱ्या ओळीवर तुकडे केलेत तर पानातला उन्हाळ कांदा एकीकडे आणि लाल कांदा दुसरीकडे जाईल. वरच्या तुकड्यातल्या ओळी अपूर्णविरामाशी (कोलनशी) तोडून हेडरच्या यादीत भरा. त्यांत 'स्टेटस' नावाची ओळ असेल तर ती बाहेर काढून तिचा आकडा पहिल्या खणात ठेवा आणि हेडरच्या यादीतून ती काढून टाका. पीएसजीआयला ती तिथे चालत नाही. स्टेटस नाही पण पूर्ण पत्त्याचं 'लोकेशन' आहे, तर ३०२. दोन्ही नाही, तर २००. झालं.

खरंच झालं. दहा-बारा ओळींचं काम आहे. शिवाय हे करणारी तयार मॉड्यूल सीपॅनवर, म्हणजे पर्लच्या मॉड्यूलांच्या भांडारात, आहेत आणि ती तुमच्यापेक्षा चांगली आहेत. पण एकदा स्वतःच्या हाताने लिहा, चालवा आणि मग फेकून देऊन तयार मॉड्यूल वापरा. साहेबांना यातलं फेकण्यापूर्वीचं दाखवू नका, ते प्रेमात पडतात.

एक सापळा मात्र आहे. काही स्क्रिप्टच्या नावाची सुरुवात 'एनपीएच' या अक्षरांनी होते. या स्वाभिमानी जातीच्या: सर्व्हरला मध्ये येऊ न देता 'एचटीटीपी १.० २०० ओके' ही पहिली ओळसुद्धा स्वतःच प्रिंट करतात. तुमच्या बारा ओळींना ती ओळ हेडर वाटेल आणि अपूर्णविराम सापडणार नाही. ती आधी वेगळी काढा. तिच्यातलं 'ओके' विसरलात तरी चालेल, एचटीटीपीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून नुसता आकडाच जातो.

याच सुमारास कंपनीतला एखादा सीनियर येऊन सांगेल की हे सगळं टाकून नव्याने लिहू, मायक्रोसर्व्हिस करू, कुबरनेटिस लावू. पान चार टेबलांचं आहे. त्याला चहा पाजा.

पायरी तिसरी: बाजार बंद

इथे खरी गंमत आहे, म्हणून जरा बसून वाचा.

आपल्या स्क्रिप्टला एकच स्टेटस येतो: २००. भाव आले, २००. भावाची फाइल सापडली नाही, तर लाल रंगात 'फाइल सापडली नाही' असं छापून, २००. बाजार बंद, तर 'आज लिलाव बंद आहेत' छापून, २००. वाचणारा माणूस होता तोवर यात काही बिघडत नव्हतं. माणूस लाल अक्षरं वाचतो. आता मागणी मोबाइलमधलं ॲप करणार, आणि ॲपला लाल रंग दिसत नाही. ते २०० पाहून खुश होतं, आणि भावाच्या जागी 'फाइल सापडली नाही' असा भाव दाखवतं.

तेव्हा स्टेटस ठरवायला मीटिंग बसते. फाइल सापडली नाही, यावर वाद नाही. चूक आपली, म्हणून ५००. वाद बाजार बंदवर. एक म्हणतो ४०४, कारण आजचे भाव सापडत नाहीत. दुसरा म्हणतो २०४, मजकूर नाही. मग तिसरा दाखवून देतो की २०४ दिलं तर बॉडी पाठवता येत नाही, आणि पीएसजीआयच्या नियमाप्रमाणे कंटेंट-टाइपसुद्धा काढावा लागतो, म्हणजे बंद का आहे ते सांगायची सोयच गेली. चौथा हुशार असतो: ५०३, आणि सोबत 'रिट्राय-आफ्टर: ८६४००', म्हणजे एका दिवसाने परत या. टाळ्या पडतात.

टाळ्या थांबवा. बाजार बंद असणं हा सर्व्हरचा बिघाड नाही. ती बातमी आहे, आणि कांद्याच्या पट्ट्यात भावाइतकीच मोठी बातमी आहे. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, तेव्हा त्या दिवशी सगळ्यांत मोलाची ओळ 'बंद' हीच होती. तिला ४०४ म्हणणं म्हणजे बातमीलाच बेपत्ता ठरवणं. २०० द्या, भावांची यादी रिकामी ठेवा, आणि 'कारण' नावाचा एक मोकळा रकाना ठेवा. मोकळा अशासाठी, की कारणांची यादी आधी करता येत नाही: दिवाळी, मार्चअखेर, हमालांचा बंद, व्यापाऱ्यांचा बंद, पाऊस.

आणि अमावास्या. लिलाव अमावास्येला बंद ठेवायची या बाजारांतली जुनी प्रथा. आता ती सगळीकडे सारखी राहिलेली नाही, पण स्क्रिप्टला ते कोण सांगणार? तिच्यात अमावास्यांच्या तारखांची एक लांबलचक यादी आहे, कोणीतरी भिंतीवरच्या कॅलेंडरातून बघून हाताने टाइप केलेली. यादी एका वर्षी डिसेंबरात संपते. त्यानंतर इतकी वर्षं अमावास्या कशी कळली? हे कोडमध्ये सापडणार नाही. भाऊसाहेबांना फोन करा.

"अहो इंजिनिअर साहेब, सोपं आहे ते. बंद असला की मी 'बंद' नावाची कोरी फाइल टाकतो सर्व्हरवर. चालू झाला की काढतो."

"आणि काढायची राहिली तर?"

"मग शेतकरी फोन करतात ना मला."

हा सगळ्या यंत्रणेचा सर्वांत भरवशाचा भाग आहे. नव्या रचनेत त्या फाइलच्या जागी बटण द्या, पण फोन नंबर पानावर राहू द्या.

भाऊसाहेब फोनवर आहेतच तर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, काही ओळींत आवक शून्य आणि भाव मात्र आहे, हे कसं? ते सांगतील की ते शून्य नाही, ती नोंद अजून यायची आहे. रकाना कोरा सोडला तर जुनं टेबल वाकडं व्हायचं, म्हणून शून्य टाकायचो. म्हणजे ॲपला जाणाऱ्या जेसनमध्ये तिथे शून्य न जाता नल जायला हवं. दोन, 'सर्वसाधारण दर' हा रकाना. किमान ५०० आणि कमाल २,१०० आहे असं समजू. तुमचा हात लगेच बेरीज करून दोनाने भागायला शिवशिवेल, १,३०० येईल, आणि तुम्ही रकाना वाचवल्याचा आनंद मानाल. करू नका. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाला जास्तीत जास्त माल गेला तो. बाजारात एकच ट्रॉली २,१००ला गेली आणि बाकी रांग १,०००च्या आसपास विकली गेली, तर सर्वसाधारण हजारच. केंद्राच्या ॲगमार्कनेटवरही, जे २००० सालापासून चालू आहे, हा रकाना सरासरीचा नसून असाच आहे. एखाद्याने घरून निघताना १,३०० वाचले आणि लिलावात हजार मिळाले, तर शिव्या गणिताला बसत नाहीत.

पायरी चौथी: क्विंटल

पान ब्राउझरमध्ये मराठी दिसतं. फाइल उघडली तर मराठीचं एक अक्षर नाही. रोमन अक्षरं, उलटे प्रश्नचिन्ह, पौंडाची खूण, मधूनच एखादा डिग्रीचा गोल. घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. ती जुन्या फाँटमध्ये आहे.

त्या काळी दुसरा इलाज नव्हता. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१पासून जागा होती, पण ऑफिसांत विंडोज ९८ होतं आणि देवनागरीची जुळणी विंडोजने धडपणे करायला सुरुवात केली ती विंडोज २०००पासून. म्हणून रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फाँट निघाले. पुण्यातच सी-डॅकचे वेगळे, मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीचे वेगळे, शिवाय 'शिवाजी', 'किरण' आणि इतर. प्रत्येकाची जागावाटणी निराळी. एका फाँटमधला 'क' दुसऱ्यात लावला तर भलताच आकार उमटतो. तेव्हा आधी स्क्रिप्टमध्ये फाँटचं नाव शोधा आणि त्याच फाँटचा तक्ता घ्या.

तक्ता लावून एकास एक बदललं की काम झालं असं वाटेल. मग 'क्विंटल' हा शब्द पाहा.

जुना फाँट डोळ्याला दिसतं त्या क्रमाने साठवतो. पहिली वेलांटी कागदावर डावीकडे दिसते, म्हणून ती आधी: वेलांटी, अर्धा क, व, अनुस्वार, ट, ल. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतो: क, हलन्त, व, वेलांटी, अनुस्वार, ट, ल. म्हणजे वेलांटी उचलून पुढे न्यायची. किती पुढे? 'निफाड'मध्ये एक अक्षर पुढे, 'नाशिक'मध्येही एकच. एक घर पुढे न्यायचा नियम करून तुम्ही निफाड आणि नाशिकवर तपासता, दोन्ही बरोबर येतात, आणि कोड वर चढवता. दुसऱ्या दिवशी पानावरच्या प्रत्येक ओळीत क्विंटल मोडलेला, कारण वेलांटी अर्ध्या क वरच जाऊन बसली. अर्धी अक्षरं ओलांडत पहिल्या पूर्ण व्यंजनापर्यंत जायचं, हा खरा नियम. काही फाँटांत वेलांटी आणि अनुस्वार मिळून एकच आकार असतो, तो आधी फोडा.

रफाराचं नेमकं उलट. 'सर्वसाधारण' जुन्या फाँटमध्ये स, व, रफार असा असतो, कारण रफार व च्या डोक्यावर दिसतो. त्याला मागे आणून व च्या आधी र आणि हलन्त करायचं. अक्षराला काना-मात्रा असतील तर त्याही ओलांडून मागे. 'दर्जा' वर तपासा.

इतकं झालं की तुम्हाला नेटवर एक तयार कन्व्हर्टर सापडेल आणि आपण उगाच दमलो असं वाटेल. तो लावून 'शेतकऱ्यांना' हा एकच शब्द काढून बघा. 'शेतकर्यांना' असं आलं, तर तो हिंदीसाठी लिहिलेला आहे. हिंदीचं त्या अर्ध्या र वाचून अडत नाही, आपलं प्रत्येक सूचनेत अडतं. नुक्त्याचा ऱ घ्या, कोड पॉइंट ०९३१, त्याला हलन्त लावा आणि मग य. पानावर वर-खाली कुठेही 'शेतकर्यांना' राहिलं तर बाकीचं सगळं बरोबर असूनही भाऊसाहेब तेवढंच दाखवतील, आणि ते बरोबर असतील.

आता मोजमाप. 'कांदा' जुन्या फाँटमध्ये साधारण अक्षरामागे एक बाइट खायचा. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट: क, काना, अनुस्वार, द, काना, एकूण १५. जुन्या स्क्रिप्टमध्ये कंटेंट-लेंग्थ अक्षरं मोजून काढला असेल तर ती पाच सांगेल, ब्राउझर पाच बाइट घेऊन दार लावेल, आणि तुमच्या वाट्याला क येईल आणि काना अर्धवट. आधी मजकूर बाइटमध्ये बदला, मग लांबी मोजा. पीएसजीआयलाही बॉडीत बाइटच हवेत. अक्षरं दिलीत तर 'वाइड कॅरेक्टर' म्हणून ओरडा होतो. आणि हेडरमध्ये यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, ब्राउझरला ओळखायला लावू नका.

आकड्यांबद्दल एकच ओळ: जेसनमध्ये संख्या लिहायची तर अंक इंग्रजीच लागतात. '१८५०' देवनागरीत पाठवायचे असतील तर अवतरणात घाला, पण मग ती संख्या राहत नाही, आलेख काढणारा रडेल. संख्या इंग्रजी अंकांत पाठवा, देवनागरी पडद्यावर दाखवताना करा.

पायरी पाचवी: कालचा भाव

सगळं बसलं, चाचणी झाली, ताटात पेढे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पानावर आजची तारीख आणि कालचा भाव.

सीजीआय स्क्रिप्ट रोजंदारीवरची असते: मागणी आली की जन्मते, उत्तर देते, मरते, तिच्या डोक्यात काही उरत नाही. नव्या सर्व्हरमध्ये तीच स्क्रिप्ट कायम नोकरीवर लागते, आणि कायम झालेल्याला मागचं सगळं आठवतं. फाइलच्या वरच्या भागात ठेवलेलं ग्लोबल व्हेरिएबल पहिल्या मागणीला भरलं की भरलेलंच राहतं. त्यात भाव असेल तर कालचा भाव, लॉगिन झालेल्या व्यापाऱ्याचं नाव असेल तर दुसऱ्याला पहिल्याचं नाव. 'भरलेलं नसेल तरच फाइल वाच' अशी हुशारी कोणी केली असेल तर ती आधी शोधा. पर्ल 'व्हेरिएबल विल नॉट स्टे शेअर्ड' असा इशारा देतं, पण तुमच्या स्क्रिप्टमध्ये इशारे बंद केलेले आहेत. कोणी केले? विचारू नका, चालू करा.

तसंच एक्झिट. जुन्या स्क्रिप्टमध्ये काम झालं की 'एक्झिट', दर तिसऱ्या ओळीला. रोजंदारीत ते रास्त होतं. आता एक्झिट म्हटलं की स्क्रिप्टसोबत सर्व्हरचा कामगारच घरी जातो. तयार मॉड्यूल हे झाकून घेतात, ते वापरा असं म्हणालो होतो ते यासाठीही.

तारखेचंही पाहा. पर्लमध्ये वर्ष १९००पासून मोजून मिळतं, म्हणून सन २०००च्या पहाटे जगभरातल्या पानांवर १९१०० साल उजाडलं होतं. आपल्या स्क्रिप्टमध्ये त्यावर इलाज म्हणून १०० वजा करून पुढे '२०' चिकटवलेले आहेत. २०९९पर्यंत चालेल, त्याला हात लावलात तर मग नीट करा, १९०० मिळवा. नवा सर्व्हर क्लाउडवर असेल तर त्याचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्याकडे कालचीच तारीख. तुम्ही त्या वेळी झोपलेले असता म्हणून तुम्हाला हे कळणार नाही. ट्रॅक्टर भरून रात्रीच निघालेला माणूस मात्र चार वाजता फोन उघडून बघतो. वेळ भारतीय क्षेत्रात, अधिक साडेपाच तासांसह, स्पष्ट लिहून द्या.

पायरी सहावी, जी सगळे गाळतात

जुन्या पानाचा पत्ता बदलू नका. त्यात 'सीजीआय-बिन' आहे, मागे '.पीएल' आहे, तो दिसायला वाईट आहे, आणि साहेबांना तो प्रेझेंटेशनमध्ये नको आहे. पण तोच पत्ता अनेकांच्या फोनमध्ये, व्हॉट्सॲपच्या जुन्या मेसेजांत आणि कुठेतरी दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहिलेला आहे. बदलणं भागच असेल तर जुन्यावरून नव्याकडे ३०१ने पाठवा. फॉर्म पोस्टचा असेल तर ३०८ने, कारण ३०१वर ब्राउझर पोस्टचं गेट करून टाकतात आणि भरलेली तारीख वाटेत सांडते.

शिवाय, सीजीआयची जुनी साधनं आता एकेक करून काढली जात आहेत, हे लक्षात असू द्या. लिंकन स्टाइन यांचं सीजीआय मॉड्यूल २०१५ साली ५.२२ आवृत्तीपासून पर्लसोबत येणं थांबलं, हवं असेल तर वेगळं बसवावं लागतं. पायथनने आपलं ऑक्टोबर २०२४मध्ये ३.१३ आवृत्तीतून काढून टाकलं. सर्व्हरवर अपडेट मारण्याआधी जुनी स्क्रिप्ट कशावर चालते ते तपासा. अपडेट शुक्रवारी संध्याकाळी मारू नका, आणि कांद्याच्या भर आवकेच्या दिवसांत तर मुळीच नको. भाऊसाहेबांच्या हाताखाली जुनं आणि नवं दोन्ही एकदम महिनाभर चालू द्या, रोजचे आकडे जुळवून पाहायला सांगा, आणि ते 'हो, जुळलं' म्हणेपर्यंत जुनी फाइल पुसू नका.